पात्रतेचा रकाना

सकाळी साडेसातला मोठ्या रुग्णालयाच्या तळघरातल्या धुलाईघराचं दार उघडलं, की आधी वाफ बाहेर यायची आणि मग माणसं आत जायची. वरच्या सात मजल्यांवरच्या चादरी, अभ्रे, रुग्णांचे झगे, शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे भिंतीतल्या उतरत्या पन्हळीतून धपाधप खाली येऊन पडत. तिथून ते धुण्याच्या यंत्रात जात आणि शेवटी मोठ्या तापत्या रुळाखाली. अलीकडून ओली चादर सरकवली, की पलीकडून ती कोरडी, कडक इस्त्रीची होऊन बाहेर येई.

त्या मंगळवारीही सगळं रोजच्यासारखंच चाललं होतं. रुळापाशी इस्त्रीवाल्या मावशी उभ्या होत्या आणि कोणत्या मजल्यावरचे पेशंट रात्रभर कूस बदलत असतात, हे चादरींच्या सुरकुत्यांवरून सगळ्यांना सांगत होत्या. कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत ताई कॉम्प्युटरपुढे बसली होती. ताई म्हणजे धुलाईघराची नोंदणी कारकून. वय अडतीस. मावशींपासून मुकादमापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत.

या काचेच्या खोलीत ती चार वर्षांपूर्वी आली. त्याआधीची पंधरा वर्षं तिनेही रुळापाशीच काढली होती. तेव्हा रोज भांडणं व्हायची. वरच्या नर्स म्हणायच्या, चाळीस चादरी दिल्या, छत्तीसच परत आल्या. मुकादम म्हणायचा, खाली आल्याच छत्तीस. शेवटी बोलणी खायला लागायची ती रुळावरच्या बायकांना. ताईला या भांडणाचा कंटाळा आला आणि मग त्यातलं कोडं दिसायला लागलं. तिने फोनवर फुकट मिळणारे प्रोग्रॅमिंगचे धडे बघायला सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत ती गरम चादरींच्या गठ्ठ्यावर बसायची आणि वहीत लिहून घ्यायची. मावशी म्हणायच्या, "लोकांना वाटेल अंडी उबवतेय." वर्षभराने मुकादमाच्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तिने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालायला लागला. कोणती चादर कुठून निघाली, कुणाच्या हाती गेली, कुठे अडली, सगळं त्यात दिसे. भांडणं थांबली. मुकादमाने तिला खोलीत बसवलं. पगार होता तेवढाच राहिला, कारण कारकुनाच्या वरच्या श्रेणीला पदवी लागत होती.

ताईकडे पदवी नव्हती. का नव्हती, ते सांगायला हवं.

वडील गेले तेव्हा ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. गणितात वर्गात पहिली. धाकटा भाऊ सोळा वर्षांचा, अभ्यासात बरा, गणितात कच्चा. घरात एकाच्याच शिक्षणाचं जमणार होतं. आई आणि काका एका रविवारी दुपारी बोलायला बसले आणि चहा निवायच्या आत ठरूनही गेलं. मुलाला पदवी हवी, मुलीचं काय, ती हुशार आहे, तिचं कुठेही निभेल. हुशार आहे म्हणून तिचं शिक्षण थांबवावं, हे बोलताना कुणालाही विचित्र वाटलं नाही. कुणी दुष्ट नव्हतं. आईने त्या दिवशी डोळ्याला पदर लावला होता. ताईनेही वाद घातला नाही. पुढच्या महिन्यात ती धुलाईघरात लागली.

धाकट्याची पहिली दोन वर्षं कशीबशी गेली. तिसऱ्या वर्षी तो गणितात नापास झाला आणि आता कॉलेज सोडतो म्हणू लागला. तेव्हा रोज पहाटे, कामावर जाण्याआधी, ताईने त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून शिकवलं. त्याचीच पुस्तकं आधी तिने वाचायची, मग त्याला समजावायची. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पातली अवघड आकडेमोड तिने करून दिली. पदवीदान समारंभाला मात्र तिला सुट्टी मिळाली नाही. आई तेवढी जाऊन आली. धाकट्याने घरी येऊन काळा झगा तिच्या अंगावर घालून दाखवला आणि सगळे खूप हसले.

आता धाकटा रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत वरच्या जागेवर होता. त्याच्या हाताखाली नऊ माणसं होती. आई त्याच्याकडे राहायची. त्याची बायको शाळेत शिकवायची. ताईचं लग्न होऊन ती त्याच शहरात, तीन थांबे पलीकडे राहत होती. नवरा बस चालवायचा. बहीणभावात अंतर असं काही पडलं नव्हतं. फक्त कचेरीतलं कुणी घरी आलं, की ताई काय करते या प्रश्नाला धाकटा "हॉस्पिटलमध्ये आहे" एवढंच उत्तर द्यायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं नर्स असेल, डॉक्टरही असेल. तो खोटं बोलत नव्हता. पुढचं वाक्य गिळत होता.

कंपनीत नवी माणसं घ्यायची, तेव्हा आलेले अर्ज आधी धाकट्याकडे येत. अर्जात शैक्षणिक पात्रतेचा रकाना होता. त्यात पदवी नसेल तो अर्ज पुढे जात नसे. हा नियम धाकट्याने केलेला नव्हता, पण गेल्या वर्षी संचालक मॅडमनी तो काढून टाकावा का असं विचारलं, तेव्हा नियमाच्या बाजूने सगळ्यात जास्त बोलला तो धाकटाच. तो म्हणाला होता की कुठेतरी रेघ ओढावीच लागते. मॅडमना ते पटलं, तरी या वर्षी त्यांनी एक प्रयोग केला. अर्ज करणाऱ्या सगळ्यांना आधी एक परीक्षा द्यायची. उत्तरपत्रिकेवर नाव नाही, फक्त क्रमांक. तपासून झाल्यावर मगच अर्ज उघडायचे.

ताईने अर्ज केला तो याच कंपनीत. रुग्णालय हेच तिला माहीत असलेलं जग होतं. शिवाय वाफेने तिला दम लागायला लागला होता. काचेच्या खोलीतही वाफ पोचायचीच, आणि डॉक्टरांनी ही जागा सोडा असं दोनदा सांगितलं होतं. भावाला तिने कळवलं नाही. त्याच्या वशिल्याने आली असं कुणी म्हणू नये, आणि नाही झालं तर त्याला अवघड वाटू नये, असे दोन्ही विचार त्यात होते. लग्नानंतरचं आडनाव वेगळं, त्यामुळे कंपनीत इतर कुणाच्या लक्षात येण्याचा प्रश्न नव्हता. पात्रतेच्या रकान्यात तिने खरं ते लिहिलं: प्रथम वर्ष पूर्ण, पुढे नाही.

परीक्षेत प्रश्न असा होता: मोठ्या रुग्णालयात चाकांच्या खुर्च्या, सलाइनचे खांब, तपासणीची उपकरणं एका विभागातून दुसऱ्या विभागात जातात आणि हरवतात, तर ती शोधणारा प्रोग्रॅम लिहा. बहुतेकांनी दिवसाअखेरीस काय कमी आहे त्याची यादी काढणारं काहीतरी लिहिलं होतं. सत्तावीस नंबरच्या उत्तरात मात्र प्रत्येक देवाणघेवाणीची जोडी जुळवली होती. जोडी जुळली नाही तर ती वस्तू "वाटेत" नावाच्या यादीत जाई, आणि ती किती वेळ वाटेत आहे यावरून कोणत्या दारापाशी अडली असेल ते प्रोग्रॅम सांगे. वर एक टीप होती: "हरवली असं लिहू नये. कुठे थांबली ते विचारावं."

धाकट्याने ते उत्तर तीनदा वाचलं. असं सरळ, स्वच्छ काम त्याने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. बैठकीत त्याने सगळ्यांपुढे सत्तावीस नंबरचं कौतुक केलं आणि या माणसाने नक्की एखाद्या रुग्णालयात काम केलेलं असणार, असंही म्हणाला. मग मॅडमनी अर्ज उघडले आणि सत्तावीस नंबरचं नाव मोठ्याने वाचलं.

त्याला आधी फक्त कान गरम झाल्याचं जाणवलं.

मॅडमनी पुढचं वाचलं. धुलाईघर, नोंदणी कारकून, प्रथम वर्ष. टेबलाभोवती कुणीतरी हलकेच हसलं. त्यात वाईट हेतू नव्हता, आश्चर्यच होतं. मॅडमनी चष्मा काढला आणि कुणी ओळखतं का या बाईंना, असं विचारलं. धाकटा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या, कारण उत्तर त्याने तपासलं होतं.

"नाही," तो म्हणाला.

हा शब्द तोंडातून गेल्यावर त्याला परत घेता आला असता. अर्धं मिनिट तरी तशी संधी होती. पण त्या अर्ध्या मिनिटात त्याला दिसलं ते इतकंच, की आता हसलेला माणूस पुन्हा हसेल. साहेबांची बहीण कपडे धुते. मग मॅडमनी त्याला विचारलं, की नियमाचं काय करायचं. तो म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा हवा. एकीसाठी वाकवला तर उद्या प्रत्येकासाठी वाकवावा लागेल. त्याचा आवाज अगदी स्थिर होता.

नकाराचं पत्र त्याच्याच सहीने गेलं. पत्राचा मजकूर ठरलेला असे, तरी त्या दिवशी त्याने तो पूर्ण वाचला. "आपली शैक्षणिक पात्रता या पदासाठी पुरेशी नाही." त्याने सही केली आणि पेनाचं टोपण बराच वेळ लावत बसला.

पुढच्या रविवारी ताई नेहमीप्रमाणे आईला भेटायला आली. आईच्या केसांना तिने तेल लावलं, भावजयीबरोबर भाजी निवडली. पत्राबद्दल अवाक्षर काढलं नाही. धाकटा वाट पाहत होता की ती काहीतरी बोलेल, रागावेल, टोमणा तरी मारेल. ती त्याला एवढंच म्हणाली, की तुझी झोप होत नाही वाटतं, डोळे बघ कसे झालेत. तो उठून आत गेला.

गोष्ट इथे थांबली असती तरी पुरेशी लाजिरवाणी होती. पण मॅडम सत्तावीस नंबरचं उत्तर विसरल्या नव्हत्या. माणूस घेता येत नसेल तर निदान त्या विचाराचा उपयोग करू, असं त्या म्हणाल्या आणि ती पद्धत आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं काम धाकट्यावर सोपवलं. परीक्षेच्या अटींमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं, की उत्तरं कंपनीच्या मालकीची. धाकट्याने ती पद्धत बसवली. कपड्यांसाठीही चालेल अशी तिची आवृत्ती केली. "वाटेत" हे नाव बदलावं असं त्याच्या मनात आलं, पण त्याहून चांगला शब्द त्याला सुचेना. सॉफ्टवेअर गाजलं. धाकट्याला बढती मिळाली, आणि कंपनीच्या पत्रकात त्याचा फोटो आला. आईने तो कापून जपून ठेवला.

हे सॉफ्टवेअर घेणाऱ्यांमध्ये ताईचं मोठं रुग्णालय पहिलं होतं.

ते चालवून दाखवायला धाकटा आणि मॅडम स्वतः गेले. कार्यक्रम तळघरातच होता. रुग्णालयाचे अधिकारी, मुकादम, मागे भिंतीला टेकून मावशी आणि इतर बायका, आणि पुढे नोंदवही घेऊन उभी ताई. धाकट्याने तिच्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली. पडद्यावर यादी उघडली. वर मोठ्या अक्षरात शब्द आला: वाटेत.

ताईने तो वाचला. मावशींनीही वाचला, कारण ताईच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये चार वर्षं त्या हाच शब्द बघत होत्या. त्या काही बोलणार एवढ्यात ताईने त्यांचा दंड धरला.

अधिकाऱ्यांनी काही प्रश्न आहेत का विचारलं. कुणी बोलेना, तेव्हा ताईने हात वर केला. तिने विचारलं, की एखाद्या वॉर्डमधून चादर खाली न येता परस्पर दुसऱ्या वॉर्डमध्ये गेली, तर ही यादी तिला कुठे दाखवेल? रोज दहाबारा चादरी अशा जातात. धाकटा अडखळला. परीक्षेच्या प्रश्नात हे नव्हतंच, म्हणून उत्तरातही नव्हतं. मग ताईनेच हळू आवाजात सांगितलं, की प्रत्येक वॉर्डच्या सकाळच्या मोजणीशी ताळा केला तर ते पकडता येतं. मॅडमनी वळून तिच्याकडे पाहिलं. हे तुम्ही कुठे शिकलात, असं त्यांनी विचारलं.

"इथंच," ताई म्हणाली. "कामात."

मॅडमनी कौतुकाने मान हलवली आणि धाकट्याला म्हणाल्या, की यांचं म्हणणं लिहून घ्या. धाकट्याने वहीत लिहून घेतलं. बहिणीने सांगितलेलं लिहून घ्यायची त्याला जुनी सवय होती. त्याही वेळी तो बोलू शकला असता. बोलला नाही. आणि तीही बोलली नाही, कारण चारचौघांत भावाची मान खाली जावी हे तिला सोसलं नसतं. तिने त्याला वाचवलं.

नवं सॉफ्टवेअर आल्यावर नोंदणी कारकुनाची गरज उरली नाही. मुकादमाला वाईट वाटलं, पण वरून कागद आला होता. ताईला पुन्हा रुळावर पाठवण्यात आलं. तिच्याच डोक्यातून निघालेल्या गोष्टीने तिला खुर्चीवरून उठवून वाफेत उभं केलं होतं. हे धुलाईघरात फक्त मावशींना नीट कळलं होतं, आणि त्यांना ताईने गप्प बसवलं होतं.

दीड महिन्यानंतरच्या एका दुपारी ताईला चादर सरकवता सरकवता चक्कर आली. मावशींनी यंत्र बंद करेपर्यंत तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत रुळाला लागला होता.

धाकट्याला बायकोचा फोन आला तेव्हा तो बैठकीत होता. तो तसाच निघाला. वरच्या चौथ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर ताई पडली होती. हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. नवरा पायाशी बसला होता. मावशी उभ्या होत्या. धाकट्याला पाहताच त्या बाहेर निघाल्या आणि त्याच्या शेजारून जाताना थांबल्या. त्या म्हणाल्या, "साहेब, तुमची मशीन फार हुशार आहे. चादर कुठे थांबली ते सांगते. माणूस कुठे थांबलं ते नाही सांगत."

आता त्याच्याच्याने राहवेना. तो खाटेजवळच्या स्टुलावर बसला आणि एका दमात सगळं बोलून गेला. बैठकीत नाही म्हणालो, पत्रावर सही केली, तुझी पद्धत माझ्या नावावर घेतली. बोलता बोलता तो रडायला लागला. ताईचा नवरा मान खाली घालून ऐकत होता. ताईने त्याला पुरतं बोलू दिलं.

"पत्रावर तुझी सही होती तेव्हाच मला कळलं होतं," ती म्हणाली. "नाही म्हणालास त्याचं एवढं काही नाही रे. पुरेशी नाही असं लिहिलंस. तुझं गणित कुणी करून घेतलं, हे ठाऊक असून लिहिलंस."

"ताई, मला माफ कर."

"इथं कशाला बोलतोस हे? इथं मी आणि हे, दोघंच. नाही म्हणालास ते तुझ्या ऑफिसात, सगळ्यांसमोर. आता जे काय म्हणायचं ते तिथंच जाऊन म्हण."

तिला डाव्या हाताने पाणी घेता येईना. धाकट्याने पेला धरला. ती प्यायली आणि डोळे मिटून पडली.

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं. तिला हे सगळं नवीनच होतं. ती म्हणाली की वर्गात मुलांना ती नेहमी सांगते, शेजाऱ्याची वही बघून लिहू नका. आईने दारातून ऐकलं होतं. ती आत आली आणि पलंगाच्या कडेला बसली. "चूक आमचीच," ती म्हणाली. "एकीचं काढून एकाला दिलं. तू कशाला मनाला लावून घेतोस." तिने ते त्याला सावरण्यासाठी म्हटलं होतं, पण त्या बोलण्याने तो अजिबात सावरला नाही. घरातल्यांनी ताईचं कॉलेज काढून घेतलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. पत्रावर सही केली तेव्हा छत्तिसाव्या वर्षात होता.

सोमवारच्या बैठकीत सगळी मंडळी जमल्यावर तो उभा राहिला. सत्तावीस नंबरची बाई माझी सख्खी बहीण आहे, तो म्हणाला. मी ओळखत नाही म्हणालो ते खोटं होतं. आपण विकतोय ते काम तिचं आहे. बढती माझी नाही. माझ्या पदवीतलं गणितही तिनेच शिकवलेलं आहे. त्याने जे ठरवून आणलं होतं त्यातलं निम्मं तो विसरला, आणि बसताना खुर्ची जरा मागे सरकली होती म्हणून तो पडता पडता वाचला. कुणी हसलं नाही.

मॅडमनी बैठक तिथेच संपवली. त्याची बढती रद्द झाली. सॉफ्टवेअरवर ताईचं नाव घालावं आणि तिला रीतसर मोबदला द्यावा असं ठरलं, आणि मॅडम स्वतः तिच्या घरी गेल्या. धाकटाही त्यांच्याबरोबर गेला. मॅडमनी मोकळ्या मनाने माफी मागितली आणि म्हणाल्या, तुमच्यासाठी आम्ही खास अपवाद करतो, पुढच्या महिन्यापासून या. पगार धुलाईघराच्या तिप्पट होता.

ताईच्या हाताची पट्टी निघाली होती. कातडी गुलाबी, ताणलेली. तिने चहाचे कप पुढे ठेवले आणि विचारलं, "आणि तो रकाना?"

मॅडम म्हणाल्या, की त्याचा विचार चालू आहे, पण अशा गोष्टींना वेळ लागतो.

"मग मला नको, मॅडम. अपवाद म्हणून आले, तर उद्या तुम्हीच दाखवाल, बघा, आमच्याकडे अशीही एक आहे. मी एकटी आत येईन आणि दार माझ्यामागे बंद होईल. रकाना काढा, सगळ्यांना परीक्षा द्या, मग मीही देईन."

जळलेला हात घेऊन, दम लागत असताना, तिप्पट पगार नाकारणाऱ्या या बाईला समजवावं असं धाकट्याला वाटलं. पण तिला समजवायचा अधिकार आपण कधीच घालवून बसलो आहोत, हे त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं. मॅडमनी कप खाली ठेवला आणि नमस्कार करून निघाल्या.

धुलाईघरात ताई परत गेली नाही. चार महिने ती घरी होती. नवऱ्याने जास्तीच्या फेऱ्या घेतल्या. ते दिवस ओढाताणीचे गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. बोटं पूर्ण वळत नव्हती, त्यामुळे टाइप करायला ती नव्याने शिकली. तिने सात ठिकाणी अर्ज केले. पाच ठिकाणांहून उत्तरही आलं नाही. सहाव्या ठिकाणी पदवीचं प्रमाणपत्र मागितलं. सातवी कंपनी छोटी होती, एका किराणा दुकानावरच्या दोन खोल्यांत सहा माणसांची. तिथल्या बाईंनी काय शिकलात असं विचारलंच नाही. एक बिघडलेला प्रोग्रॅम पुढे ठेवला आणि दुरुस्त करा म्हणाल्या. ताईने तो दुपारपर्यंत दुरुस्त केला. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर जायला लागली. खिडकी उघडी, हवा कोरडी. पहिल्या आठवड्यात मावशी बघायला आल्या आणि इतक्या थंड खोलीत माणसं कामं कशी करतात, म्हणून पदर घट्ट लपेटून बसल्या.

धाकट्याच्या कंपनीतला रकाना त्यानंतर वर्षभराने निघाला. त्यासाठी धाकट्याला प्रत्येक बैठकीत तेच तेच बोलावं लागलं. एकेकाळी रेघ ओढण्याच्या बाजूने इतकं चांगलं बोलल्यामुळे सगळे आक्षेप त्याला पाठ होते. ज्या दिवशी नवा अर्ज छापून आला, त्या दिवशी सहकाऱ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. त्याला ते घेता आलं नाही. जुन्या कपाटात चार वर्षांचे नाकारलेले अर्ज होते. त्याने ते बाहेर काढले आणि केवळ त्या रकान्यापायी स्वतः बाजूला ठेवलेले वेगळे केले. मॅडमची परवानगी घेऊन त्याने त्यातल्या प्रत्येकाला पत्र लिहायला घेतलं. ठरलेला मजकूर न वापरता, प्रत्येकाचा अर्ज पुन्हा वाचून. तुमचं काम न पाहता मी तुम्हाला नाकारलं होतं, ती चूक माझी होती, आता परीक्षा सगळ्यांना खुली आहे, असं त्यात असे.

काही पत्रं पत्ता बदलल्याने परत आली. काहींनी परीक्षा दिली, आणि तिघं आज त्याच्या शेजारी बसून काम करतात. बऱ्याच जणांनी काहीच कळवलं नाही.

एक उत्तर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थाकडून आलं. अक्षर मोठं, टपोरं. त्यांनी लिहिलं होतं:

"पत्र मिळालं. तुमचा नकार आला तेव्हा घरच्यांनी म्हटलं, तुझ्या आवाक्यातली गोष्ट नव्हती ती. मलाही तसंच वाटलं. कॉम्प्युटर देऊन टाकला. आता वय पन्नास आहे, परत सुरू करायची उमेद नाही. काम बघितलंच नव्हतं, हे तुम्ही कळवलंत, त्याबद्दल आभार. राग नाही. फक्त एक विचारायचं आहे. माझ्यासारखे किती होते?"

धाकट्याने ते पत्र टेबलावर सपाट केलं. उत्तरात त्याला बरंच काही लिहायचं होतं. नियमाबद्दल, भीतीबद्दल, घराबद्दल. दोन कागद त्याने लिहून फाडले. तिसऱ्यावर फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं आणि खाली सही केली.

"एकशे चौदा. त्यांत माझी बहीण एक."